जुनी फाइल आणि सत्याचा धर्म

न सांगितलं तर कुणाला कळणार नाही आणि सांगितलं तर आपलंच नुकसान होईल, असं खरं सांगायलाच हवं का? हा प्रश्न आपल्या ग्रंथांइतकाच जुना आहे. बोईसरला चित्रालयाजवळ दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला तो पोथीत शोधावा लागत नाही, तो समोर पेशंटच्या खुर्चीत येऊन बसतो. एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागणारा माणूस फिटनेसचा कागद घेताना हळूच म्हणतो, "मॅडम, शुगरचं तेवढं लिहू नका." मुलीचं लग्न ठरलं की आई तिच्या थायरॉइडचे रिपोर्ट वेगळे काढून मागते. यातलं कुणीही वाईट माणूस नसतं. एका शब्दाने हातातोंडाशी आलेलं निसटेल, ही भीती सगळ्यांना असते.

अलीकडे हाच प्रश्न घेऊन पायलट व्हायला निघालेली मुलंमुली येऊ लागली आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्यानंतरच्या वर्षांत बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग अशा कामांत इथल्या वाड्या आणि शेतं गेली. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरलाच होतं आहे. जमिनीच्या बदल्यात एकरकमी पैसा आला आणि काही घरांनी तो मुलांच्या शिक्षणावर लावायचं ठरवलं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. त्यासोबत डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, वैद्यकीय तपासणी असते, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. डोळे, कान, रक्तदाब तपासले जातातच, पण फॉर्मवर एक यादीही असते. कधी फिट आली होती का? बेशुद्ध पडला होतात का? मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का? शस्त्रक्रिया, औषधं? सगळ्याच्या शेवटी, वर लिहिलेलं खरं आणि पूर्ण आहे म्हणून उमेदवाराची सही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने परिशिष्ट १ मध्येच हे निवेदन बंधनकारक केलं आहे, म्हणून ते जगभर द्यावं लागतं.

एका बापलेकीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाणगावकडचं घर, मुलगी अठरा वर्षांची, बारावीला उत्तम गुण. ती सात वर्षांची असताना एका पहाटे झोपेत तिला झटका आला होता. ओठाची एक बाजू थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती, ती जागी होती पण बोलता येत नव्हतं. आईने नाकाशी कांदा धरला, मग रिक्षा करून माझ्याकडे आणलं. पुढे तसंच पुन्हा झालं. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी काढला, गोळ्या सुरू केल्या, आणि ती दहा वर्षांची असताना त्या बंदही झाल्या. त्यानंतर एकदाही त्रास नाही.

फाइल माझ्याकडे राहिली होती. कडा पिवळ्या पडलेल्या, आत घडी घातलेला ईईजीचा आलेख, माझ्या अक्षरातल्या गोळ्यांच्या नोंदी. आणि आईने शाळेच्या वहीचं पान फाडून पेन्सिलीने लिहून आणलेलं टिपण: पहाटे साडेचार, उजवी बाजू, दोन मिनिटं.

"मॅडम, हे कागद आता ठेवून काय करायचंय?" वडील म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे. तुम्हीच फाडून टाका, म्हणजे विषय मिटला."

फाडायला मी नकार दिला. फाइल हवी असेल तर घेऊन जा म्हटलं, कारण आपले कागद मागणं हा पेशंटचा हक्क आहे. डीजीसीएला मी परस्पर काही कळवणार नव्हते. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं डॉक्टरने बाहेर नेऊ नये, हा आमच्या व्यवसायाचा नियम आहे. म्हणजे फॉर्मवर हो लिहायचं की नाही, हे त्या मुलीलाच ठरवायचं होतं, आणि नाही लिहिलं असतं तर ते उघडकीला येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

वडील कीर्तनाला जाणारे, वाचणारे. ते म्हणाले, "महाभारतात कृष्णानेच अर्जुनाला सांगितलंय ना, जिवावर बेतलं असताना, लग्नकार्यात, सर्वस्व जात असताना खोटं बोललं तर पाप लागत नाही? आमची वाडी गेली, मॅडम. तिचे पैसे आलेत, ते म्हणजेच आमचं सर्वस्व. हे पोरीच्या शिक्षणात नाही घातले तर कशात घालू?"

त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता आलं नाही. कर्णपर्वात तो प्रसंग आहेच. तिथेच कृष्ण कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाने कायम खरं बोलण्याचं व्रत घेतलेलं असतं. चोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपतात. चोर येऊन विचारतात, माणसं कुठे गेली? कौशिक खरं सांगतो. चोर त्या माणसांना मारतात आणि खरं बोलूनही कौशिक नरकात जातो. आपल्या परंपरेने सत्याला असं निव्वळ शब्दांच्या तागडीत तोललेलं नाही. ज्याने जिवांचं रक्षण होतं ते सत्य, अशी तिची धारणा आहे.

पण त्या गोष्टीत एक प्रश्न विचारायला हवा: रानात लपलेली माणसं कोण? ज्यांना आपल्यावरचं संकट टाळण्याचा दुसरा उपाय नाही आणि ज्यांचा जीव दुसऱ्याच्या एका उत्तरावर आहे, ती. विमानाच्या बाबतीत ही माणसं मागच्या सीटवर बसलेली असतात. तिकीट काढताना त्यांना पायलटचं नाव माहीत नसतं, त्याची फाइल बघायला मिळत नाही, काही विचारता येत नाही. त्यांच्या वतीने प्रश्न फक्त तो फॉर्म विचारतो. कृष्णाने दिलेली सवलत दुबळ्याच्या जिवासाठी होती. आपल्या नफ्यातोट्यासाठी ती वापरली तर आपण कौशिकाच्या नव्हे, चोरांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. वडिलांना मी हे सौम्य शब्दांत सांगितलं, पण सांगितलं.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. "आणि कर्णाने काय करायचं होतं, मॅडम?"

हा प्रश्न बापाच्या प्रश्नापेक्षा अवघड होता. आम्ही कोकणातली माणसं. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी काढली असं मानणारी. आमच्याच जिल्ह्यात वसईजवळच्या निर्मळला त्याच्या कथा चिकटलेल्या आहेत. त्याच परशुरामाकडे कर्ण जात लपवून शिकायला जातो. गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेले असताना एक किडा मांडी पोखरतो, रक्त वाहतं, पण गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हूं की चूं करत नाही. जाग आल्यावर परशुराम त्या सहनशक्तीवरूनच ओळखतो की हा ब्राह्मण नव्हे. शाप मिळतो: ऐन गरजेच्या वेळी ही विद्या तुला आठवणार नाही. आपलं काळीज कर्णाकडे ओढ घेतं आणि ते बरोबरच आहे. त्याच्या जातीचा आणि धनुष्याचा संबंध काय? विचारणाऱ्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता.

छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामालाही गुरू कूळ विचारतात. आई जबाला त्याला सांगते, तारुण्यात मी अनेकांकडे कामाला होते, तुझं गोत्र मला माहीत नाही, माझं नाव जबाला आणि तुझं सत्यकाम, एवढंच सांग. तो तेवढंच सांगतो आणि हारिद्रुमत गौतम त्याला शिष्य म्हणून घेतात. सत्यकामाचं मोठेपण मला मान्य आहे, पण कर्णाला दोष देऊन त्याची थोरवी वाढवणं मला जमत नाही. सत्यकामाला गौतम भेटले, कर्णाला भेटले नाहीत.

तेव्हा मी मुलीला जे म्हटलं तेच माझं या सगळ्यातलं म्हणणं आहे. उत्तर देण्याआधी प्रश्नाकडे बघावं. माणसाची पायरी ठरवायला, त्याला दाराबाहेर ठेवायला विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हे थोरपण असेल, पण ते आपण कुणाकडून मागू नये. दुसऱ्याच्या जिवासाठी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हे मात्र कर्तव्य आहे. तुझी जात विचारणाऱ्याला तू गप्प बसवू शकतेस. तुला कधी फिट आली होती का, हे विचारणाऱ्याला नाही. कारण त्याचा संबंध थेट कॉकपिटशी आहे. कर्णाचा न्याय इथे लागू होत नाही.

उघड असलेलं दुखणं आणि नोंदीबाहेर राहिलेलं दुखणं यांतला फरक एका मराठी माणसाच्या आयुष्यात फार वेदनादायक रीतीने दिसतो. कॅप्टन दीपक साठे खडकवासल्याच्या एनडीएमध्ये घडलेले, वायुसेनेतले चाचणी वैमानिक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वायुसेनेत असताना अपघातात त्यांच्या कवटीला जबर मार लागला आणि सहा महिने ते रुग्णालयात होते. हा माणूस पुन्हा उडेल असं कुणालाही वाटलं नव्हतं, असं त्यांच्या नातेवाइकांनी लिहिलं आहे. ते पुन्हा उडाले. इतकी मोठी जखम सगळ्यांना माहीत होती, तपासली गेली होती, आणि तरीही तिने त्यांचा रस्ता अडवला नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला भर पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. १९० जणांपैकी २१ जण गेले, त्यांत साठे आणि त्यांचे सहवैमानिकही होते. चौकशी अहवालाने मुख्य ठपका अस्थिर अवस्थेत उतरणं चालू ठेवण्यावर ठेवला. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: मधुमेहावरची, लिहून न दिलेली अनेक औषधं कॅप्टन घेत होते, त्यामुळे रक्तातली साखर किंचित उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झालेला असू शकतो.

मी हे त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणायला लिहीत नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो तसाच राहील. डॉक्टर म्हणून मात्र ती नोंद मला झोपू देत नाही. उघड असलेली कवटीची जखम त्यांना पेलली. नोंदीबाहेरच्या छोट्या गोळ्यांवर लक्ष ठेवायला मात्र कुणीच नव्हतं. आजार लपवला की तो बरा करू शकणारी माणसंही आपण आपल्यापासून तोडतो. त्यातून पायलटचा हा फॉर्म एकदाच भरायचा नसतो. चाळिशीच्या आतल्या पायलटला क्लास वनची तपासणी दरवर्षी द्यावी लागते. दरवर्षी तीच यादी, दरवर्षी तीच सही. पहिल्या वर्षी नाही लिहिणारी मुलगी पाचव्या वर्षी डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली तर कुणाला सांगेल?

आमच्या शेजारच्या तारापूरच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. इथला अणुऊर्जा प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला आणि आत काम करणारा माणूस छातीवर टीएलडी बॅज लावतो. त्यावरून त्याने किती किरणोत्सार घेतला ते कळतं. मर्यादा गाठली की त्या कामावरून थांबवतात. फुकुशिमात एका उपकंत्राटी कंपनीच्या अधिकाऱ्याने कामगारांना डोसमापक शिशाच्या पत्र्याने झाकायला सांगितलं होतं, हे २०१२ मध्ये उघड झालं. बॅज झाकला म्हणून किरण अंगात जायचे थांबत नाहीत. फॉर्मवरचं नाही हे तसंच आहे.

इथपर्यंत मी त्या मुलीकडून खरं मागत होते. पण ज्याच्याकडून खरं मागायचं, त्याला ते सांगणं परवडेल अशी व्यवस्था ठेवणं हाही धर्मच आहे. माझ्याकडे येणाऱ्या कंत्राटी कामगाराने फिट येतात असं सांगितलं तर त्याला उंचीवरून किंवा रिअॅक्टरजवळून हलवून दुसरं काम द्यायला हवं. प्रत्यक्षात त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. मग तो लपवतो, आणि एक दिवस त्याच्यासोबत शेजारचाही होरपळतो. यात फक्त त्याच्या सत्यनिष्ठेचं मोजमाप करणं मला अन्याय वाटतो.

नियम स्वतःही चुकू शकतात. आमच्या आदिवासी पाड्यांत सिकल सेल आढळतो. ज्याच्यात फक्त त्याचा वाहक गुण असतो तो माणूस बहुधा निरोगी आयुष्य जगतो. तरी याच गुणामुळे अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत कृष्णवर्णीय तरुणांना प्रवेश नाकारला जाई. तो नियम १९८१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्याविरुद्ध उघडपणे दाद मागितली गेली. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्या वैमानिकाला अमेरिकेत सरसकट अपात्र ठरवत. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या विमान प्रशासनाने चार औषधांपुरती देखरेखीखाली परवानगी दिली आणि तोवर लपवणाऱ्यांना उघड सांगायला मुदतही दिली. चुकीचा नियम लपवण्याने टिकून राहतो. त्याच्याशी भांडायचं तर आधी खरं समोर ठेवावं लागतं.

याची दुसरी बाजू २४ मार्च २०१५ ला आल्प्समध्ये दिसली. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर घातलं आणि १५० जण गेले. तो अनेक डॉक्टरांकडे जात होता, पण लायसन्स जाण्याच्या भीतीने त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता, आणि डॉक्टरांनी गोपनीयतेमुळे कुठे कळवलं नाही. नैराश्य आलेला माणूस धोकादायक असतो, असा याचा अर्थ अजिबात नाही. बहुतेक जण उपचाराने बरे होतात आणि उत्तम काम करतात. एकट्याने सोसावं लागलेलं दुखणं धोकादायक असतं. त्यानंतर जगभर सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था उभी राहू लागली आणि आपल्या डीजीसीएनेही २०२३ मध्ये विमान कंपन्यांना तशी सूचना दिली. हे पाऊल मला कुठल्याही शिक्षेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता फाइलकडे. परिशिष्ट १ चा मूळ नियम कडक आहे: अपस्माराचा इतिहास असला तर अपात्र. तज्ज्ञांच्या मताने अपवाद करण्याची वाट त्यात ठेवलेली आहे. युरोपच्या नियमांत ती वाट स्पष्ट लिहिली आहे. लहानपणीचा सौम्य, वाढत्या वयात आपोआप निघून जाणारा प्रकार असल्याचा निःसंशय पुरावा असेल आणि दहा वर्षांहून अधिक काळ औषधांशिवाय झटका आला नसेल, तर विचार होऊ शकतो. झोपेत येणारा, तोंडाच्या एका बाजूचा, वाचा काही क्षण बंद करणारा झटका त्याच सौम्य प्रकारात बसतो. ते सिद्ध कशाने होणार? त्या ईईजीच्या आलेखाने, आणि आईच्या पेन्सिलीच्या टिपणातल्या उजव्या बाजूने आणि दोन मिनिटांनी. बाप जे कागद फाडा म्हणत होता, तेच त्या मुलीच्या बाजूने बोलणारे कागद होते. मी हे त्यांना दाखवलं. हेही सांगितलं की गोळ्या बंद होऊन तिला आठच वर्षं झाली आहेत, ती दहा वर्षांची अट अजून पुरी झालेली नाही, आपल्याकडे निर्णय डीजीसीएचे वैद्यकीय अधिकारी घेतील, तो विरोधात जाऊ शकतो, आणि गेला तर दुःख होईल. खोटी आशा मी दिली नाही.

मुलीने फॉर्मवर हो लिहिलं आणि फाइलच्या प्रती जोडल्या. निर्णय यायचा आहे. वडिलांनी मोबदल्याचे पैसे बँकेत तसेच ठेवले आहेत.

पालघर, बोईसर, डहाणूच्या आईवडिलांना माझं सांगणं एवढंच: फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी क्लास वनची तपासणी करून घ्या आणि तिथे सगळं खरं सांगा. त्या दिवशी नकार आला तर एक स्वप्न मोडेल. पन्नास लाख खर्चून, नोकरी लागून, लपवलेलं उघड झालं तर लायसन्स, पैसा आणि नाव तिन्ही जातील. उघड झालंच नाही तर आणखी मोठं काही जाऊ शकतं. जुन्या फाइली फाडू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना विनंती आहे की ओळखीपोटी कोरे, स्वच्छ कागद देऊ नका. त्यापेक्षा पेशंटची खरी हकिगत व्यवस्थित लिहून द्या, तीच त्याला उपयोगी पडते. आणि ज्यांच्या हातात नोकऱ्या आणि नियम आहेत त्यांनी खरं बोलणाऱ्याला आधी पर्याय द्यावा आणि मगच नकार द्यावा. जिवासाठी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हा उमेदवाराचा धर्म आहे, आणि ते उत्तर न्यायाने ऐकून घेणं हा आपल्या सगळ्यांचा.